दहापैकी चार

"चौगुले बाई, दहापैकी किती?"

सिस्टर रणभिसे माझ्या पलंगाशी उभ्या होत्या. एका हातात पॅड, दुसऱ्या हातात पेन. सकाळचे सात वाजून गेले असावेत, कारण चहाची किटली नुकतीच वॉर्डातून खडखडत पुढे गेली होती.

"चार," मी म्हटलं.

"काल पण चारच होतं."

"मग आजही चार."

"वाढलं नाही, कमी झालं नाही?"

"नाही."

त्यांनी लिहून घेतलं. टॉर्चने डोळे बघितले, त्यांचं बोट घट्ट दाबायला लावलं, एकेक पाय उचलायला लावला. मग म्हणाल्या, "सहाच्या वर गेलं तर सांगायचं हं. डॉक्टरांनी सुई लिहून ठेवलीये. उगाच सोसत बसायचं नाही."

"सांगते," मी म्हटलं. पलंगाचा लोखंडी दांडा धरलेला हात मी त्याआधीच पांघरुणाखाली घेतला होता.

माझ्या डोक्यातली गाठ काढून तेव्हा चार दिवस झाले होते. मिरजेतलं एक इस्पितळ, दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड. गाठ आवळ्याएवढी होती, डाव्या कानाच्या वर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर मगदुमांनी मला समोर बसवून नीट समजावलं होतं. गाठ साधी आहे, घाबरायचं कारण नाही. पण ती जिथे बसलीये त्याच्या शेजारीच शब्द आणि नावं असतात. आम्ही हलक्या हाताने काढू. एवढं सांगून त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला होता आणि मी सही केली होती.

गाठ निघाली. शुद्धीवर आले तेव्हा कानापासून टाळूपर्यंतची कातडी बधिर झाली होती. बोट लावलं तर दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लावल्यासारखं वाटायचं. दुखणं तिथे नव्हतंच. ते त्याच्या खाली होतं, आत, जिथे बोट पोचत नाही. आणि बधिरपण फक्त कातडीचं नव्हतं. माझा धाकटा भाऊ भेटायला आला, पायाशी उभा राहून रडला, तेव्हा मी त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलंय एवढंच बघत होते. वाईट वाटत नव्हतं. जगल्याचा आनंदही होत नव्हता. डाळ-भात आला की खात होते.

एकाच गोष्टीची मला धास्ती होती. माझी हजेरी.

माझी शाळा कवठेमहांकाळच्या पुढे, एका वाडीवर. जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. त्या वर्षी तिसरीत सत्तावीस मुलं होती. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर डोळे मिटून मनात हजेरी घेतली. बाबर अमोल. मुलाणी अस्लम. हाक्के बिरू. ऐनापुरे शंकर. सत्तावीसच्या सत्तावीस आली, क्रमाने, जशी रोज पटावरून येतात तशी. त्याच संध्याकाळी दुखणं वाढलं म्हणून मी सांगितलं आणि मला सुई दिली. दुखणं गेलं. अंगावरून कुणी ओलं घोंगडं ओढून घेतलं असं हलकं वाटलं. मी हजेरी घ्यायला लागले आणि अकराव्या नावाला थांबले. पुढे काहीच नव्हतं. फळा पुसल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईचा अंमल उतरला तेव्हा नावं परत आली. दुखणंही आलं. दोन्ही बरोबर यायची आणि सुई दिली की बरोबर जायची. मी सुई सोडली आणि नावं राखली. कारण मला वाटलं, आज ती परत आली, पण प्रत्येक वेळी येतीलच याची खात्री काय? एकदा गेली आणि राहिलीच तिकडे, तर मी वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहणार होते?

म्हणून चार. सहाच्या खाली, पण अगदी शून्य नाही. शून्य सांगितलं असतं तर सिस्टरांना शंका आली असती. आणि तसंही चोवीस वर्षांच्या नोकरीत मी निबंधाला साडेसातच्या वर गुण कधी दिले नव्हते. हात राखून गुण देणं माझ्या अंगवळणी पडलेलं होतं.

शेजारच्या पलंगावर निकिता होती. निकिता ऐवळे, आटपाडीकडची, वय दहा. तिची गाठ मागच्या बाजूला, मानेच्या वर होती. माझ्या आदल्या दिवशी तिचं ऑपरेशन झालेलं. मुलांचा वॉर्ड भरलेला होता म्हणून तिला आमच्यात आणलं होतं. आई मालन तिच्या उशाशी स्टुलावर बसलेली असायची. मालन डाळिंबाच्या बागेत कामाला जाणारी, काळीसावळी, तीसच्या आतली बाई. तिच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते आणि डोळ्यांखाली किती दिवसांची झोप साठली होती कोण जाणे.

निकिता रडायची. नुसतं रडायची नाही, ओरडायची. कुशीवर वळवलं तर ओरडायची, पाणी पाजलं तर ओरडायची, खिडकी उघडली तरी ओरडायची.

"दहापैकी किती गं दुखतंय?" सिस्टर विचारायच्या.

"शंभर!"

"अगं, दहापैकी विचारलं. शंभर कुठून आणलेस?"

"शंभर शंभर शंभर!"

सिस्टर कंटाळून माझ्याकडे बघायच्या. "सांगा आता, काय लिहू मी हिच्या कागदावर? डॉक्टर विचारतात, कधी जास्त असतं, कधी कमी असतं. हिचं सदा शंभर."

मालन खाली मान घालून म्हणायची, "लई वराडती ओ बाई. सगळ्यास्नी तरास हुतोय. मला तर लाज वाटाया लागलीया."

मग एकदा ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी शाळंत शिकवता न्हवं? तुमीच सांगा की हिला. तुमचं आयकंल."

खरं सांगते, त्या चार दिवसांत कुणी मला काही करायला सांगितलं असेल तर ते तेवढंच. माझ्या बधिर झालेल्या अंगात कुठेतरी काहीतरी हललं. मी हळूच कुशीवर वळले.

"निकिता, इकडे बघ. आपण तक्ता करूया का?"

"कसला?"

"दुखण्याचा. एक ते दहा. तू सांगायचं, मी लिहायचं."

तिने रडणं थांबवलं नाही, पण आवाज खाली आणला. मी मालनकडून गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा मागून घेतला, तो उलगडला आणि आतल्या कोऱ्या बाजूवर दहा खण आखले. रेघा वाकड्या आल्या.

"एक म्हणजे अगदी थोडं. काय लिहू?"

"मुंगी," ती म्हणाली. "काळी न्हाई, तांबडी."

"दोन?"

"डाळिंबाचा काटा."

"काटा दोनच?"

"आमाला रोज टोचतो की."

मालन पहिल्यांदा हसली. मी लिहिलं. तीन म्हणजे भाऊ केस ओढतो ते. चार म्हणजे तव्याला बोट लागतं ते. पाचला ती थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजींची छडी. तुमी मारता व्हय?"

"नाही."

"मग तुमाला कोन भितं?"

"कुणीच नाही."

"मग पोरं शिकत्यात कशी?" तिने इतक्या काळजीने विचारलं की समोरच्या पलंगावरची बाईही हसली.

सहा म्हणजे गांधीलमाशी. सात म्हणजे झाडावरनं पडून हात मोडला होता ते. आठ म्हणजे विंचू. नऊला तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "दोन विंचू."

"आणि दहा?" तिने विचारलं.

"दहा मोकळं ठेवायचं."

"का?"

"मी दहा कुणालाच देत नाही. दहा देऊन टाकले तर पुढे द्यायला काय उरलं?"

तिला ते पटलं. मुलांना अशा गोष्टी लगेच पटतात. मी पुठ्ठा तिच्या उशाशी, भिंतीला टेकवून ठेवला.

त्या दुपारी सिस्टर आल्या तेव्हा निकिताने तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सहा. गांधीलमाशी." सिस्टरांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, लिहून घेतलं, औषध दिलं आणि पोर झोपली. मालनही स्टुलावर बसल्या बसल्या झोपली, तोंड उघडं टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "पाच."

"शाब्बास!" मी म्हटलं. "कालच्यापेक्षा कमी." सिस्टरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि निकिताच्या हातावर, मनगटाच्या जरा वर, चांदणी काढली. पाच टोकांची, पेन न उचलता. वर्गात मी पाढे पाठ करणाऱ्याच्या हातावर काढते तशी. ती चांदणी घेऊन मुलं दोन-दोन दिवस हात धुवायची नाहीत.

मी ते विचार करून केलं नाही. हात आपोआप गेला.

संध्याकाळी निकिता म्हणाली, "चार." मी दुसरी चांदणी काढली. त्याच्या पुढच्या सकाळी ती म्हणाली, "तीन."

"बघा, बघा!" सिस्टर म्हणाल्या. "चौगुले बाई, तुम्हाला इथेच नोकरीला ठेवून घ्यायला पाहिजे."

निकिता आता रडत नव्हती. वॉर्डात येणारी-जाणारी बाई तिला शहाणं बाळ म्हणत होती. मालनने त्या दिवशी पहिल्यांदा केस धुतले. मी तिसरी चांदणी काढत होते तेव्हा निकिता तक्त्याकडे बघत म्हणाली, "बाई, आज ह्यो तक्ता हालतोय."

"हलतोय?"

"दोन-दोन दिसतोय."

"नीट बघ म्हणजे एकच दिसेल," मी म्हटलं. वर्गात फळ्यावरचं दिसत नाही म्हणून कुरकुरणाऱ्याला सांगते तसंच.

तिने डोळे बारीक केले. "हां," ती म्हणाली. "दिसतंय."

माझी चांदणी काढून झाली. मी पेन परत दिलं आणि माझे चार सांगितले.

त्या दिवशी माझं स्वतःचं दुखणं वाढतच गेलं होतं. मी हजेरी घेत राहिले. एकदा संपली की पुन्हा पहिल्यापासून. चौदा, पंधरा, सोळा. दांड्याचा थंडपणा हाताला बरा वाटायचा.

पुढच्या सकाळी निकिताने मऊ भात खाल्ला आणि सगळा उलटून टाकला. सिस्टरांनी टॉर्चने तिचे डोळे बघितले, नाडी बघितली. "औषधाने होतं कधी कधी. पण मी सांगून ठेवते, डॉक्टर राऊंडला येतीलच. डोकं किती दुखतंय बाळा?"

"दोन," ती म्हणाली. आवाज बारीक होता. "काटा."

चौथी चांदणी. हातावर जागा कमी होती म्हणून ती मी तिरकी काढली.

बारा वाजायला आले होते. मालन कपडे धुवायला खाली गेली होती. बाहेर ऊन होतं आणि वॉर्डात पंखा आवाज करत फिरत होता. मी चौदाव्या नावाला आले होते. चौदा झालं की पंधरावं लगेच यायचं, पण त्या वेळी आलं नाही, इतकं आत दुखत होतं. ते येईपर्यंत काहीतरी बघत राहावं म्हणून मी शेजारी बघितलं.

निकिता छताकडे बघत पडली होती. डोळ्यातून पाणी निघून कानात जात होतं. आवाज नव्हता. तिच्या पांघरुणाची कड वर आली होती आणि खाली तिचा हात दिसत होता. तिने पलंगाचा दांडा धरला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि कातडी ताणल्यामुळे हातावरच्या चारही चांदण्या लांबट झाल्या होत्या.

"निकिता," मी म्हटलं. "किती?"

"दोन."

"काय दोन?"

"काटा."

"मग दांडा सोड बघू."

तिने सोडला नाही. मान न हलवता डोळे माझ्याकडे वळवले. "तुमी बी धरलाय की."

मी माझ्या हाताकडे बघितलं. पांघरूण सरकलं होतं.

"तुमी रोज धरता," ती म्हणाली. "आन तुमाला चारच हाय. तुमी रडत बी न्हाई. मला तुमच्यापरास कमी पायजे."

मी घंटा वाजवली. एकदा वाजवून सोडली नाही, दाबूनच ठेवली. सिस्टर रणभिसे धावत आल्या.

"काय झालं? कुणाला?"

"तिला. तिचं डोकं फार दुखतंय. डॉक्टरांना बोलवा."

सिस्टर तिच्यावर वाकल्या. "काय गं? किती दुखतंय?"

"दोन," निकिता म्हणाली.

"बाई, दोन म्हणतेय ती."

"दोन नाहीये."

"ती स्वतः सांगतेय ना. इतकी शहाणी झालीये आता, खोटं कशाला बोलेल?"

"मी बोलतेय ना," मी म्हटलं. "माझं चार नाहीये सिस्टर. नऊ आहे. पहिल्या दिवसापासून नऊ आहे."

सिस्टरांनी पेन उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"का ओ बाई?"

"सुई दिली की मुलांची नावं जातात."

पंख्याचा आवाज येत होता. मग शेजारून निकिताचा आवाज आला.

"बाई, खरंच नऊ?"

"खरंच."

"दोन विंचू?"

"दोन विंचू, बाळा. तूही खरं सांग. मी रागावणार नाही."

तिने ओठ घट्ट मिटले. हनुवटी थरथरायला लागली. "मग माझं," ती म्हणाली, "माझं ते हाय. ते मोकळं ठिवल्यालं."

त्यानंतर ती ओरडली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. सिस्टर धावत गेल्या, येताना एका तरुण डॉक्टरला घेऊन आल्या, त्याने तिचे डोळे बघितले, तिला वर बघ म्हणून सांगितलं. तिला वर बघता येईना. चाकांची गाडी आली. तिला उचलताना पुठ्ठा खाली पडला आणि कुणाच्या तरी बुटाचा ठसा त्यावर उमटला. दोन मिनिटांत शेजारचा पलंग रिकामा झाला.

मालन पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली तेव्हा मी एकटीच होते. ती रिकाम्या पलंगाकडे बघत उभी राहिली. बादलीतून पाणी ठिबकत होतं.

"फोटो काढायला नेलंय," मी म्हटलं. "डोक्यात पाणी साठलं असेल म्हणाले. असलं तर लगेच काढतील. तू खाली जा, डाव्या हाताला, काचेच्या दाराशी उभी राहा."

"सकाळी तर दोन म्हनली," मालन म्हणाली.

ती बादली तिथेच ठेवून पळाली.

थोड्या वेळाने सिस्टर परत आल्या. पाणीच साठलं होतं, निकिताला नळी घालायला आत घेतलं होतं. त्यांनी माझा कागद काढला, बऱ्याच दिवसांच्या चारांच्या रांगेकडे बघितलं, शेवटी नऊ लिहिला आणि मला विचारलं, "देऊ का?"

"द्या."

सुई टोचली तेही नीट कळलं नाही. ओलं घोंगडं निघालं. मी हजेरी घेतली नाही. डोळे मिटले तेव्हा शेजारून काहीच आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मगदूम राऊंडला आले. माझा कागद हातात धरून म्हणाले, "बाई, चार, चार, चार. हे बघून मी म्हणत होतो, किती छान चाललंय यांचं. नावांचं सिस्टरांनी सांगितलं मला. अहो, ते औषधाने होतं. औषध उतरलं की येतात परत. विचारायचं होतंत."

"हो," मी म्हटलं. "विचारायचं होतं."

"आणि त्या मुलीचं तुम्ही बोललात हे फार चांगलं झालं. जीव वाचला तिचा."

ते पुढे गेले. दाराशी त्यांच्याबरोबरच्या तरुण डॉक्टरशी बोलताना मला ऐकू आलं. डोळ्यांच्या शिरेवर दाब आला होता. एक दिवस आधी कळलं असतं तर. एवढंच ऐकू आलं, मग ते जिन्याकडे वळले.

मला आठवलं, पेन माझ्या हातात होतं आणि मी म्हणत होते, नीट बघ म्हणजे एकच दिसेल.

त्याला आता एकवीस वर्षं झाली. नावं सगळी परत आली, एक सोडून. तीन महिन्यांनी मी शाळेत गेले, हजेरी घ्यायला उभी राहिले. पट समोर होता, पण मी मुद्दाम मिटून ठेवला. अठरापर्यंत आले आणि थांबले. मग तिसऱ्या रांगेतून एक मुलगी आपणहून उठली, म्हणाली, "मी हाय की बाई. हजर." आणि खाली बसली. मी तेव्हा पट उघडून तिचं नाव वाचलं. आज पुन्हा आठवत नाही. मुलगी आठवते, दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली. डाव्या कानाच्या वरची कातडीही तशीच राहिली. कंगवा फिरताना आवाज येतो, स्पर्श होत नाही. निवृत्त होईपर्यंत पुढची सगळी वर्षं मी वर्गात एक नियम ठेवला. मूल म्हणालं दुखतंय, तर किती ते विचारायचं नाही. पाणी द्यायचं आणि शेजारी बसायचं.

पण सांगायचं ते त्या आठवड्याचं. निकिताला नेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मालन वॉर्डात आली. तिचा तांब्या आणि चादर राहिली होती. चेहरा ओढलेला होता, पण तिने केस विंचरले होते. माझ्या पायाशी येऊन तिने वाकून नमस्कार केला. मला पाय ओढून घेता आले नाहीत.

"तुमच्यामुळं वाचली बाई."

"असं म्हणू नकोस मालन."

"न्हाई कशी? तुमी घंटा दाबली म्हनून." तिने चादरीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "आज बोलली. सिस्टरनं इचारलं किती दुकतंय, तर म्हनली शंभर."

"शंभर म्हणाली?"

"आन वराडली बी. निस्तं वराडली." मालन हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "मग मला जवळ बोलवून इचारती, आई, बाईंना इचार, रडलं तरी चांदनी मिळती का."

मला रडू आलं नाही. मला तेव्हा काहीच येत नव्हतं. मी हात पुढे केला. पेन सिस्टरांकडून मागावं लागलं नाही. त्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी आपणहून दिलं.

"हात दे," मी मालनला म्हटलं. "तुझ्या हातावर काढते. नेऊन दाखव तिला."

तिने तळहात पसरला. काट्यांच्या ओरखड्यांनी भरलेला, साबणाने पांढरा पडलेला. मी पेन टेकवलं. नेहमीएवढीच काढायला घेतली, रुपयाएवढी. पहिली रेघ ओढली तशी मालन हळूच म्हणाली,

"मोठी काढा बाई. तिला अजून बारीक दिसत न्हाई."

मी ती रेघ तशीच पुढे नेली. बोटांच्या मुळापर्यंत. तिथून खाली मनगटापर्यंत, तिथून अंगठ्यापर्यंत. पाच टोकं, पेन न उचलता. तळहात पुरला नाही तेव्हा ती तिच्या बोटांवर गेली.

शाई पुसू नये म्हणून मालन हात उघडा धरून चालत गेली. चादर काखेत, तांब्या दुसऱ्या हातात. दार तिला खांद्याने ढकलावं लागलं.